देहाचें वावडें

लग्नाच्या पंक्तीला शंभर पानें बसतात. वाढपी सर्वांना एकाच पातेल्यांतील भरलीं वांगीं वाढतो, एकाच घंगाळांतील मठ्ठा वाढतो. नव्व्याण्णव माणसें विडा चघळीत आपापल्या जागीं जातात; शंभरावा मात्र थोड्याच वेळांत दंड खाजवूं लागतो, त्याचा ओठ सुजतो, अंगावर गांधी उठतात, आणि यजमानाच्या घरांत आमसुलासाठीं धांवपळ सुरू होते. “पित्त उठलें” असें निदान करून वडील माणसें मोकळीं होतात. स्वयंपाक्याला दोष द्यावा, तर नव्व्याण्णव माणसें ठणठणीत आहेत. त्या एकाच्या पोटाला दोष द्यावा, तर आदल्या दिवशीं त्यानें याहून जड अन्न सहज पचविलेलें असतें. कोणाला वांगीं वातळ तर कोणाला पथ्यकर, अशी म्हण आपल्याकडे आहेच. आणि “अमक्याला अमक्याचें वावडें आहे” हा प्रयोगही तितकाच जुना आहे. ज्याला आज सर्वत्र ॲलर्जी म्हणतात, तें पुष्कळसें या वावडें शब्दांत येतें. पारिभाषिक मराठींत तिला अधिहर्षता असें नांव आहे. परंतु तें पुस्तकांतच राहिलें, आणि औषधाच्या खोक्यावरून आलेला ॲलर्जी हाच शब्द आतां आजीबाईंच्याही तोंडीं बसला आहे.

शब्द तोंडीं बसला म्हणजे अर्थ मनांत बसलाच असें मात्र नव्हे. शिंक आली कीं ॲलर्जी, पोट बिघडलें कीं ॲलर्जी, नवें औषध घेतल्यावर मळमळलें तरी ॲलर्जीच. गणिताची ॲलर्जी असल्याचें सांगणारे विद्यार्थीही कमी नाहींत, पण तो विकार निराळा व त्याचा उपायही निराळा. या सैल वापरांतून दोन उलट प्रकारचीं नुकसानें होतात. ज्यांना वावडें नाहीं अशीं मुलें दूध, अंडीं, डाळी यांना विनाकारण मुकतात. आणि ज्यांना खरेंच आहे त्यांचें दुखणें “जरा ॲलर्जी आहे” म्हणून हंसण्यावारी नेलें जातें.

हा शब्द तयार केला व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं, १९०६ सालीं. त्या काळीं घटसर्पासारख्या रोगांवर घोड्याच्या रक्तापासून काढलेलें रक्तजल टोंचीत असत. पिर्के व त्यांचे सहकारी बेला शिक यांच्या असें ध्यानांत आलें कीं, कित्येक मुलांना पहिल्या टोंचणीनंतर आठदहा दिवसांनीं ताप व पुरळ येतो, पण पुढें कधीं तेंच रक्तजल पुन्हां टोंचलें तर हा त्रास लवकर व अधिक जोरानें होतो. म्हणजे पहिल्या ओळखीनें शरीर कांहीं तरी शिकलें आणि त्याचें वागणें पालटलें. दुसरें, निराळें, या अर्थाचा एक ग्रीक शब्द आणि कार्य या अर्थाचा दुसरा, यांची जोड करून पिर्के यांनीं ॲलर्जी हें नांव दिलें. पालटलेली प्रतिक्रिया, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

रोग अर्थातच नांवापेक्षां जुना आहे. जॉन बॉस्टॉक या इंग्रज वैद्यानें १८१९ सालीं लंडनच्या वैद्यकसभेपुढें एका रोग्याची हकीकत वाचली. दर उन्हाळ्यांत डोळे चुरचुरतात, नाक वाहतें, शिंकांच्या सरी येतात आणि छाती दाटते, असा तो रोगी. आणि तो रोगी म्हणजे स्वतः बॉस्टॉकच होता. त्यानंतर नऊ वर्षें शोध करून त्याला असे अवघे २८ रोगी सांपडले. तो दोष उन्हाळ्याला देई. खरा अपराधी गवताचा पराग आहे हें दाखविलें मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यानें. तोही त्याच दुखण्याचा धनी. आपल्याच कातडीवर ओरखडा काढून त्यावर तो पराग चोळी आणि उठणारी गांधी पाही. हवेंत पराग किती उंचीवर असतो हें पाहण्यासाठीं त्यानें पतंगही उडविले. १८७३ सालीं त्याचें पुस्तक निघालें. आज दवाखान्यांत होणाऱ्या त्वचेच्या परीक्षेचें मूळ याच ओरखड्यांत आहे.

१९०१ सालीं फ्रान्समधील पॉल पोर्तिए व शार्ल रिशे हे दोघे शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून समुद्रांतील विषारी प्राण्यांचा अभ्यास करण्यास गेले. परत आल्यावर समुद्रपुष्प या प्राण्याचें विष कुत्र्यांना थोडें थोडें टोंचून त्यांना त्या विषाची संवय लावावी असा त्यांचा बेत होता. झालें भलतेंच. पहिली मात्रा पचवून धडधाकट राहिलेल्या नेपच्यून नांवाच्या कुत्र्याला सुमारें तीन आठवड्यांनीं पुन्हां अल्प मात्रा देतांच तो धापा टाकीत कोसळला व अर्ध्या तासाच्या आंत मेला. संरक्षण व्हावयाचें तेथें घात झाला. या उलट्या संरक्षणाला त्यांनीं ॲनाफिलॅक्सिस हें नांव दिलें, आणि रिशे यांना १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

यापेक्षांही धिटाईचा प्रयोग ब्रेस्लाउ येथें झाला. त्याची हकीकत १९२१ सालीं प्रसिद्ध झाली. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना शिजविलेल्या माशाचें वावडें होतें. त्यांचे स्नेही कार्ल प्राउस्निट्झ यांना मासे उत्तम चालत. प्राउस्निट्झ यांनीं क्युस्टनर यांचें थोडें रक्तजल आपल्या पोटाच्या कातडींत टोंचून घेतलें आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोंचला. तेवढ्याच जागीं टरारून गांधी उठली. बाकीच्या कातडीला कांहीं झालें नाहीं. म्हणजे वावडें हें मनाचे खेळ नव्हे, पोटाचा दुबळेपणा नव्हे. तें रक्तांत असणारें, एका माणसांतून दुसऱ्यांत नेतां येणारें द्रव्य आहे, असें ठरलें. तें द्रव्य कोणतें हें कळण्यास आणखी ४५ वर्षें जावीं लागलीं. १९६६ सालीं अमेरिकेंत डेन्व्हर येथें इशिझाका या जपानी पतिपत्नींनीं, व पाठोपाठ स्वीडनमध्यें योहान्सन व बेनिक यांनीं, स्वतंत्रपणें तें हुडकलें. इम्युनोग्लोब्युलिन ई असें त्याचें नांव १९६८ सालीं ठरलें, लघुरूप आयजीई.

आतां पंक्तींतल्या त्या शंभराव्याच्या शरीरांत काय घडतें तें पाहावें. जंतूंचा शिरकाव रोखण्यासाठीं शरीर प्रत्येक परक्या पदार्थासाठीं निरनिराळीं प्रतिद्रव्यें तयार करतें. त्यांपैकीं आयजीई हें प्रमाणानें सर्वांत थोडें, आणि त्याचें मूळ काम पोटांतील जंतांसारख्या परोपजीवींशीं झुंजण्याचें असावें, असें शास्त्रज्ञ मानतात. कांहीं माणसांच्या शरीरांत हें प्रतिद्रव्य पराग, मासा, शेंगदाणा अशा निरुपद्रवी पदार्थांविरुद्ध तयार होतें. चोर सोडून संन्याशाला सुळीं द्यावें, तसा हा न्याय. पहिल्या भेटींत बाहेरून कांहींच दिसत नाहीं. आयजीई तयार होऊन त्वचा, नाक, श्वासनलिका व आंतडीं यांच्या अस्तरांतील मास्ट पेशींवर जाऊन बसतें. या पेशी दारूगोळ्याच्या कोठारासारख्या असतात. पुढें केव्हां तरी तोच पदार्थ पुन्हां आला कीं तो या आयजीईच्या जोड्यांना एकत्र ओढतो आणि कांहीं मिनिटांत कोठार फुटतें. त्यांतून हिस्टामीन व तशींच इतर द्रव्यें बाहेर पडतात. नाकांत तीं सुटलीं तर शिंका व पाणी, कातडींत सुटलीं तर खाज व गांधी, श्वासनलिकेंत सुटलीं तर दमा. “आजवर मी हाच पदार्थ खात होतों, आजच कसें झालें?” या नेहमींच्या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे. अगोदरच्या भेटींवांचून वावडें जडत नाहीं. मात्र ती भेट नेहमीं तोंडानेंच होते असें नाहीं, कोरड्या, फुटलेल्या कातडीतूनही होते.

दुसरा एक प्रकार सावकाशीचा आहे. त्यांत आयजीईचा संबंध नसतो. रक्तांतील टी नांवाच्या पांढऱ्या पेशी तें काम करतात, आणि परिणाम दिसण्यास एकदोन दिवस लागतात. हा प्रकार मराठी माणसाला नवा नाहीं. बिब्बा उतला, असें आपल्याकडे पूर्वापार म्हणतात, तो हाच. धोबी कपड्यांवर खूण घालण्यासाठीं बिब्ब्याचा रस वापरीत. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर गळपट्टीवरील त्या खुणेनें पुरळ उठूं लागला, तेव्हां त्यांचे डॉक्टर चक्रावून गेले. बिब्बा, काजू व आंबा हीं एकाच कुळांतील झाडें. काजूच्या टरफलांतील तेलानें कोंकणांत व गोव्यांत काजू सोलणाऱ्यांचे हात उततात, आणि आंब्याच्या चिकानें ज्याच्या ओठांना फोड येतात त्याला बिब्ब्यापासूनही जपावें लागतें. टिकलीच्या मागील डिंक, खोट्या दागिन्यांतील निकेल, केंस काळे करण्याचा कलप, हींही या यादींतलींच.

या प्रकाराचें सर्वांत दुःखद उदाहरण पुण्याचें. मूळचें उष्ण अमेरिकेंतील पार्थेनियम हें झुडूप येथें आढळल्याची नोंद १९५६ सालीं प्रसिद्ध झाली. परदेशी गव्हाबरोबर त्याचें बीं आलें, असा समज रूढ आहे. पानें गाजरासारखीं म्हणून त्याला गाजरगवत म्हणूं लागले. काँग्रेस गवत हेंही त्याचेंच नांव. एकेक झुडूप हजारों बिया टाकतें, आणि पडीक जमीन, रेल्वेचे रूळ, इमारतीच्या कडेचे ढिगारे हें त्याचें माहेर. त्याच्या अंगावरील बारीक लवेंत पार्थेनिन नांवाचें द्रव्य असतें. झुडूप वाळलें कीं त्याची धूळ वाऱ्याबरोबर उडते आणि पापण्या, मान, कोपराच्या खोबणी, अशा उघड्या जागीं बसते. उन्हांत राबणाऱ्या शेतकऱ्यांची व मजुरांची कातडी त्यानें काळवंडते, जाड होते, हत्तीच्या कातड्यासारख्या घड्या पडतात. खाज रात्रीं झोंप लागूं देत नाहीं. पुण्याच्या डॉक्टरांनीं १९७० च्या सुमारास असे रोगी मोठ्या संख्येनें पाहिले व त्यांचीं वर्णनें जगापुढें मांडलीं. कित्येकांना पिढीजात शेती सोडून गांव बदलावा लागला, कारण रान सोडल्यावांचून गुण येईना. १९८४ सालीं हें गवत खाणारा एक मेक्सिकन भुंगेरा बंगळूर येथें मुद्दाम सोडण्यात आला. तो पावसाळ्यांत पानें फस्त करतो. पण गवत त्याला पुरून उरलें आहे. बंगल्याच्या आवारांतील गाजरगवत उपटण्यास माळ्याला सांगणाऱ्या मालकानें त्याला हातमोजे व पुऱ्या बाह्यांचा सदरा देणें, आणि गवत फुलावर येण्यापूर्वींच तें काम उरकणें, एवढें अगत्याचें आहे.

वावडें किती लोकांना असतें? जागतिक ॲलर्जी संघटनेनें २०११ सालीं निरनिराळ्या देशांतील प्रमाण शेंकडा १० ते ४० असें दिलें होतें, आणि नाकाच्या ॲलर्जीचे रोगी जगांत सुमारें ४० कोटी मानले होते. पण हे आंकडे वाचतांना कोण मोजतो व कसें मोजतो हें पाहावें लागतें. अमेरिकेंत ४० हजारांहून अधिक प्रौढांना विचारून केलेली एक पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्याला अन्नाचें वावडें आहे असें शेंकडा १९ जणांनीं सांगितलें. लक्षणें तपासतां तें पटण्यासारखें ठरलें शेंकडा ११ जणांच्या बाबतींत. बंगळूर व म्हैसूर भागांतील प्रौढांची पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली, ती याहून उद्बोधक आहे. तेथें शेंकडा २६ हून अधिक लोकांच्या रक्तांत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सांपडलें, परंतु तें अन्न खाऊन खरोखर त्रास होणारे शेंकडा १.२ च निघाले. म्हणजे रक्ताची परीक्षा “आहे” म्हणाली तरी वीसांतील एकोणीस जण तो पदार्थ सुखानें खात होते. गल्लोगल्लीं शंभर पदार्थांच्या एकदम परीक्षा करून लांबलचक पथ्याची यादी हातीं देणारीं दुकानें निघालीं आहेत, त्यांच्या पायऱ्या चढण्यापूर्वीं हे दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. रोग्याची हकीकत न ऐकतां केलेली परीक्षा बहुधा दिशाभूल करते. आणि आयजीजी नांवाच्या निराळ्या प्रतिद्रव्यावरून अन्नाचें वावडें ठरविण्याला तर जगांतील तज्ज्ञ संस्थांचा स्पष्ट विरोध आहे.

दुधाची गोष्ट वेगळी. दुधानें पोट फुगणें, गुरगुरणें, ढाळ होणें, हें मोठ्या माणसांत बहुधा दुधांतील साखर पचविणारा पाचक रस कमी पडल्यामुळें होतें. ती ॲलर्जी नव्हे, आणि अशा माणसाला दही, ताक बहुतेक सोसतें. पेनिसिलिनचेंही तसेंच. अमेरिकेंत शेंकडा दहा रोगी आपल्याला त्याचें वावडें असल्याचें सांगतात. रीतसर तपासल्यावर त्यांतील दहांपैकीं नऊ जणांना तें चालतें असें दिसून येतें. लहानपणीं गोंवरासारखा पुरळ आला असतां कोणी तरी केलेली नोंद जन्मभर मानेवर बसते.

दम्याचा हिशेब मात्र या देशाला खालीं मान घालावयास लावणारा आहे. सर्वच दमा ॲलर्जीचा नसतो, तरी मुलांतील पुष्कळसा असतो. २०१९ सालीं जगांत २६ कोटींहून अधिक लोकांना दमा होता व त्यानें ४ लाख ५५ हजार माणसें दगावलीं. भारतांत त्या वर्षीं सुमारें ३ कोटी ४० लाख दमेकरी होते, म्हणजे जगाच्या शेंकडा १३; परंतु जगांतील दम्याच्या मृत्यूंपैकीं शेंकडा ४० हून अधिक येथील. रोगी आठांत एक, मृत्यु पांचांत दोन. हा फरक हवेनें सगळा पडत नाहीं. “पंप” म्हणजे शेवटचा उपाय, त्याची संवय लागते, मुलीच्या लग्नांत अडचण येते, अशा समजुतीनें ओढून घ्यावयाचें औषध टाळून गोळ्यांवर दिवस काढले जातात, त्याचा वांटा मोठा आहे. वस्तुतः पंपानें औषध नेमक्या जागीं अगदीं थोड्या मात्रेंत जातें; गोळी तेंच काम करण्यासाठीं सर्व शरीरांतून हिंडते.

वावडीं वाढत कां चाललीं? डेव्हिड स्ट्रॅकन यांनीं १९८९ सालीं एकाच आठवड्यांत जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांचा वृत्तांत तपासून असें दाखविलें कीं, ज्याला वडील भावंडें जास्त, त्याला परागाचा त्रास कमी. भावंडांबरोबर घरांत येणारे साधे जंतु शरीराला शहाणपण शिकवीत असावेत, असा त्यांचा तर्क. २०१६ सालीं अमेरिकेंतील दोन शेतकरी पंथांची तुलना प्रसिद्ध झाली. वंश जवळचा, आहार सारखा. पण आमिश लोकांचे गोठे घरालगत व शेती घोड्यांची, तर हटराइट लोकांची शेती यंत्रांची व घरापासून दूर. आमिश मुलांत दमा शेंकडा ५, हटराइट मुलांत २१. यावरून मुलांना घाणींत लोळवावें असा अर्थ कोणी काढूं नये; घाणीनें मरणारीं मुलें या देशानें पुष्कळ पाहिलीं आहेत.

पथ्याबद्दलचें मतही पालटलें आहे. पूर्वीं इंग्लंड-अमेरिकेंत धोक्याच्या घरांतील बाळाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊं नका असें सांगत. लंडनमध्यें ६४० बाळांवर केलेला प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना इसब किंवा अंड्याचें वावडें होतें अशीं हीं बाळें. निम्म्यांना लहानपणापासून शेंगदाणा नियमानें चारला, निम्म्यांना वर्ज्य केला. पांचव्या वर्षीं शेंगदाण्याचें वावडें वर्ज्य केलेल्यांत शेंकडा १७, खाल्लेल्यांत ३. तोंडानें झालेली लवकर ओळख स्नेहाची ठरते असें दिसतें. अर्थात् बाळाला अख्खा दाणा नव्हे, तो घशांत अडकतो. पातळ कूट द्यावें, आणि इसब जोराचा असेल तर आधीं डॉक्टरांना विचारावें.

मुंबईसारख्या दमट गांवीं नाकाचा मोठा शत्रु बाहेर नसून अंथरुणांत असतो. गादी-उशींत राहणारा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगणारा धुळींतील किडा हॉलंडमधील संशोधकांनीं १९६४ सालीं ओळखून काढला. त्रास त्याच्या विष्ठेचा. दमट हवा त्याला मानवते, कोरडी सोसत नाहीं. म्हणून गाद्यांना ऊन दाखविण्याची जुनी चाल योग्यच आहे, फक्त त्या झोडपण्याचें काम नाकाचा रोगी असलेल्या माणसाकडे देऊं नये. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंश उष्ण पाण्यांत धुतले म्हणजे किडा मरतो व विष्ठाही जाते. एवढ्यानें न भागल्यास नाकांत उडविण्याचें औषध असतें, आणि त्याहून पुढें जावयाचें तर वावड्याच्याच पदार्थाच्या वाढत्या मात्रा तीन ते पांच वर्षें देण्याची रीत आहे. लंडनमध्यें लेनर्ड नून यांनीं १९११ सालीं ती प्रथम परागावर योजिली.

राहिला नेपच्यूनचा प्रकार. शेंगदाणा, कोळंबी, मधमाशीचा दंश, एखादें इंजेक्शन, यांनंतर कांहीं मिनिटांत अंगावर गांधी उठून त्याबरोबर आवाज बसणें, श्वास लागणें, ओकाऱ्या, घेरी यांपैकीं कांहींही दिसलें, तर तें पित्त नव्हे. अंगावर आमसूल चोळल्यानें गांधीची खाज कमी होईल, घसा मोकळा होणार नाहीं. ॲलर्जीच्या गोळीनेंही होणार नाहीं. त्या वेळीं उपयोगी औषध एकच, ॲड्रेनॅलीन, आणि तें मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंत विलंब न करतां टोंचावयाचें असतें. रोग्याला आडवें निजवून पाय उंच करावे; धाप लागत असेल तर बसूं द्यावें, पण उभें करूं नये, चालवूं नये, व थेट रुग्णालयांत न्यावें. पहिला झटका ओसरल्यावर कांहीं तासांनीं दुसरा येण्याचा संभव असतो, म्हणून रोगी हुशार होऊन घरीं जाण्याचा हट्ट धरूं लागला तरी डॉक्टर त्याला लगेच सोडीत नाहींत.